मादेइराची काळी वाकटी

मादेइरा या पोर्तुगीज बेटाची राजधानी फुंशाल. तिथल्या बाजारात सकाळी लवकर जावं. १९४० साली उघडलेल्या या मंडईत दर्शनी भागात फुलं आणि फळं असतात. मासळी मागच्या बाजूला, खालच्या अंगाला. मी उतरलो तेव्हा ओल्या ओट्यांवर मीटरभर लांबीचे काळेकुळकुळीत मासे ओळीने पडलेले होते. अंगावर एक खवला नाही, डोळे टपोरे, उघड्या जबड्यात लांब अणकुचीदार दात. शेजारी उभे असलेले प्रवासी त्यांना ईल समजून फोटो काढत होते. तसं वाटणं साहजिक आहे, पण आपली वाम निराळी आणि हा निराळा. इथे याला एस्पादा म्हणतात, आणि तो चक्क आपल्या वाकटीच्या कुळातला आहे. ससून डॉकवर चांदीच्या पट्टीसारखी लखलखणारी वाकटी आठवा, तिला काळा रंग द्या, अंगाने थोडी भरदार करा, की झाला एस्पादा. मादेइरात राहणाऱ्या रिचर्ड थॉमस लोव या इंग्रज पाद्र्याने १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. अफानोपस कार्बो हे नाव त्यानेच दिलं.

हा मासा इथे साधारण ८०० ते १२०० मीटर खोलीवर सापडतो. तिथे उजेड जवळपास पोचत नाही, म्हणून एवढे मोठे डोळे. रात्री तो माकूल, कोळंबी आणि लहान मासे खायला थोडा वर सरकतो. गळाला लागून वर येताना पाण्याचा दाब झपाट्याने उतरतो. त्यात तो मरतो आणि डोळे बाहेर येतात. बाजारात जिवंत एस्पादा दिसणं शक्यच नाही.

इतक्या खोलातला मासा रोजच्या जेवणात आला कसा, याचं उत्तर बसने कामारा दे लोबोसला गेल्यावर मिळतं. चर्चिलने १९५० साली जिथे बसून चित्र काढलं ते हेच बंदर. रंगवलेल्या होड्या, दांड्यांवर वाळत घातलेल्या लहान मुशी, आणि वर डोंगरउतारावर केळीच्या बागा. मुंबईसमोरचा समुद्र कितीतरी दूरपर्यंत उथळच राहतो. मादेइरा म्हणजे मात्र महासागराच्या तळातून उठलेला ज्वालामुखी. किनारा सुटला की लगेच अथांग पाणी. म्हणूनच पूर्वी लहान होडीतल्या माणसालाही हातातल्या दोराने एस्पादापर्यंत पोचता आलं. आता दोर कितीतरी लांब झाला आहे, त्याला माकुलाचं आमिष लावलेले हजारो गळ असतात. पण तो तळाला न टेकवता मधल्या पाण्यात सोडतात.

दोराने मासा धरण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. एस्पादाचं बालपण उत्तरेकडे, स्कॉटलंड-आयर्लंडच्या बाजूच्या थंड पाण्यात जातं आणि मोठा झाल्यावर तो वीण घालायला दक्षिणेला येतो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मादेइराभोवती विणीचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे इथल्या गळाला पूर्ण वाढलेला मासा लागतो, तर उत्तरेकडच्या ट्रॉलरांच्या जाळ्यात अजून एकदाही न व्यालेला. युरोपीय संघाने २००३ पासून खोल पाण्यातल्या अशा माशांच्या पकडीवर मर्यादा घातली आणि २००५ मध्ये मादेइराभोवती खोल तळ खरवडणारी जाळी बंद केली. तळच खरवडला तर त्यावरची शतकांची प्रवाळं जातात, ती पुन्हा उभी राहायला आपलं आयुष्य पुरत नाही. हा निर्णय योग्यच होता.

आता ताटाकडे. मांस पांढरंशुभ्र, मऊ, मधला काटा काढला की तुकडी जवळपास निर्धोक. मात्र ते चटकन फुटतं, म्हणून जाड तुकड्या अंड्या-पिठात बुडवून तळतात. सगळीकडे मिळतो तो तळलेल्या केळ्याबरोबरचा प्रकार. केळं इथलंच, त्यामुळे जोडी स्वाभाविक आहे, पण माशाची नाजूक चव गोडाखाली दबते. मला खरा आवडला तो विन्या दाल्योस: वाइन किंवा व्हिनेगर, लसूण आणि तमालपत्रात मुरवून तळलेला. मुरवण्याची हीच रीत पोर्तुगीजांबरोबर गोव्याला गेली, तिथे तिला मिरची भेटली आणि विंदालू झालं. त्यामुळे पहिल्याच घासाला ओळखीचं काहीतरी लागलं. गाबोळीही तळून खातात, तीही उत्तम. काळीज मात्र टाळावं, त्यात कॅडमियम, पारा असे जड धातू साठतात.

मादेइराला गेलात तर आधी बाजारात हा मासा नीट पाहा, मग कामारा दे लोबोसच्या एखाद्या लहान खाणावळीत व्हिनेगर-लसणातला एस्पादा मागा आणि सोबत लसणीच्या लोण्यातला बोलो दो काको पाव घ्या. केळ्याचा प्रकार दुसऱ्या दिवशी खाल्लात तरी चालेल.