दोन बोटं बाहेर

कडुलिंबाची जाड फांदी खोडाला जिथं मिळते तिथं थोडा फुगवटा असतो. आम्ही त्याला गळा म्हणतो. चिंचेचा गळा खालून उभ्यानंही दिसतो. वडाची काळजीच नाही, कुठंही कापला तरी चीक गाळून पुन्हा फुटतो. जुन्या लिंबाचं मात्र काही खरं नाही. त्याची साल इतकी भेगाळलेली असते की गळा कुठं संपला आणि फांदी कुठं सुरू झाली ते नजरेला कळत नाही. करवत गळ्याच्या आत गेली तर खोड उघडं पडतं. फार बाहेर राहिली तर खुंटी उरते, ती वाळते आणि तिच्यातून कूज आत उतरते. मधली जागा उणीपुरी दोन बोटांची. ती मी जन्मभर तळहातानं शोधत आलो. आता खांदा धरलाय. डॉक्टरांनी चढायला मनाई केलीय. वर भाचा असतो आणि खालून मी ओरडत असतो.

वरच्या अंगाचा प्रश्न नसतो. फांदीच्या काखेत साल दाटून काळपट रेघ उठलेली असते, तिच्या बाहेरून करवत लावायची, हे नवख्यालाही जमतं. गोची आहे ती खालच्या टोकाला. करवत तिथं कुठं उतरवायची? मी फांदीवर बसून तळहात तिच्या पोटाखालून खोडाकडं सरकवत न्यायचो. फांदीवरच्या भेगा लांबीनं धावतात. गळ्यापाशी त्या अडखळतात, साल आडवी चुरगळते आणि हाताला किंचित चढ लागतो. चढ लागला की थांबायचं, लहान फांदी असेल तर बोटभर मागं यायचं, मोठी असेल तर दोन बोटं, आणि कोयत्याच्या टोकानं खूण करायची. यात डोळ्याचं काम काही नव्हतं, बऱ्याचदा मी डोळे मिटूनच करायचो. त्यामुळं खाली उभं राहून भाच्याला काय सांगावं हे मला सुचत नाही. "हात लाव," म्हणतो. "लावला की मामा!" "चढ लागला का?" "सगळीकडंच लागतोय." आणि त्याचं चुकीचं नाही. भेगाळल्या सालीवर नव्या हाताला सगळीकडंच चढ लागतो.

बरोबर कापलं की नाही हे त्या दिवशी कळत नाही, हा या कामातला सगळ्यात मोठा जाच. दोन-तीन पावसाळे जावे लागतात. नेमक्या जागी कापलं असेल तर जखमेच्या चारही बाजूंनी नवं लाकूड चढतं आणि बांगडीसारखं गोल कडं तयार होतं. गळा खरवडला गेला असेल तर उजव्या-डाव्या अंगाला जाड ओठ येतात, वर आणि खाली काहीच येत नाही, जखम लांबट राहते आणि पुढं तिथंच ढोली पडते. त्या ढोलीत पिंगळे राहायला येतात ही चांगली गोष्ट, पण शाळेच्या पत्र्यांवर वाकलेल्या लिंबाला ढोली पडलेली कुणाला हवी?

मी गावात फिरताना माणसांआधी झाडांच्या जखमा बघतो. हे कडं माझं, ते त्या अमक्याचं, ते विजेच्या तारांखाली छाटणाऱ्या टोळीचं. गावातल्या जैन मंदिरात मल्लिनाथांच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या सावलीत लागतात, तिथल्या एका लिंबावर माझं एक कडं पूर्ण मिटलंय, आता नुसती गोल गाठ दिसते. पाहुणे आले की मी त्यांना काहीतरी कारण काढून त्या बाजूनं नेतो आणि ती गाठ दाखवतो. पाहुणे 'बरं' म्हणतात. त्यांना काय दिसणार? पण दाखवल्याशिवाय मला राहवत नाही.

हे कडं का चढतं ते मला उशिरा समजलं. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या गावातल्या एका पोरानं फोनवर चित्रं दाखवली. ॲलेक्स शिगो नावाचा अमेरिकेच्या वनखात्यातला शास्त्रज्ञ. त्यानं हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कुठून कुठं गेली ते पाहिलं. त्याचं म्हणणं असं की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. जुनं लाकूड जसं आहे तसंच राहतं, झाड फक्त त्याच्याभोवती भिंती घालतं आणि नवं लाकूड त्या भिंतीच्या बाहेर वाढवतं. फांदीतून येणारी कूज अडवणारी भिंत फांदीच्या गळ्यात असते, म्हणून गळा सोडून कापायचं. त्याच्याआधी तिकडचे शिकलेले लोकसुद्धा फांदी खोडाला चिकटून सपाट कापायचे आणि वर रंग फासायचे. शिगोनं तेही खोडून काढलं. रंगानं, लेपानं कूज थांबत नाही म्हणाला. आमच्याकडं जखमेवर शेणमाती लिंपतात, बागायतदार बोर्डो पेस्ट लावतात. मी कधी लिंपलं नाही, पण ते कळत होतं म्हणून नाही, आळसानं. शिगोचं ऐकल्यापासून मात्र 'मला आधीपासून ठाऊक होतं' असा चेहरा करून हिंडतो.

एक गोष्ट मला खटकते. शिगोला एवढी झाडं चिरता आली ती पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीमुळं. आणि त्या करवतीचा, कटरचा, माझ्या मनात राग आहे. हातकरवत लाकडात शिरताना सांगत असते, ओलं आहे, वाळकं आहे, आत पोकळ आहे. कटर काही सांगत नाही. भाचा मात्र कटरवर वाढलाय. मांडीएवढी फांदी तो खालून खाच देऊन, वरून उतरवून, नाडा बांधून अशी अलगद खाली सोडतो की साल तसूभर सोलत नाही. ते बघून मला अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी पोटात काहीतरी होतं. पूर्वी दारात आलेला माणूस 'दादा आहेत का' विचारायचा. आता 'पोरगं आहे का घरी' विचारतो.

आमच्या धंद्याची खोड कशात आहे ते सांगतो. पैसे कुणी द्यायचे नाहीत, छाटलेलं लाकूड छाटणाऱ्यानं न्यायचं, असा रिवाज. मजुरीच लाकडाची असेल तर छाटणारा बारीक फांद्यांकडं बघेल की जाड? ज्या फांदीनं कुणाचं काही बिघडत नाही ती आधी खाली येते. त्यात आमचा हळदीचा मुलूख. फाल्गुन-चैत्रात हळद शिजवायची असते, पूर्वी कढया होत्या, आता वाफेचे कुकर आहेत, पण चुलाणाला लाकूड लागतंच. 2024 साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे, आमच्या शिवारातही हळदच आहे. पण हळद शिजायच्या दिवसांत रस्त्याकडेच्या लिंबांकडं कोण कुठल्या नजरेनं बघतो ते मला दिसतं. मी रोख पैसे घेतो आणि लाकूड धन्याच्या दारात टाकतो. त्यामुळं मला बोलावणारे कमी. जे बोलावतात ते घासाघीस करतात आणि मग शेजाऱ्याला सांगतात की हा लई महाग आहे. हे ऐकून मला बरं वाटतं, खोटं का बोलू?

तारांखालची टोळी पावसाच्या तोंडावर येते. तार मोकळी झाली की त्यांचं काम संपलं. झाडाचं एक अंग भुंडं, दुसरं भरलेलं. वारा सुटला की झाड त्या भरल्या अंगाला झुकतं आणि मग तेच लोक म्हणतात, झाड धोकादायक आहे, काढून टाका. आणि ते कापतात कधी, तर ज्येष्ठात, जेव्हा ओल आणि बुरशी दोन्ही दाराशी आलेली असतात. लिंब छाटायचा तो माघात, पानगळीच्या सुमारास. पाडव्याला कोवळी पालवी आणि फुलोरा येतो, त्याच्या आधी जखम झालेली बरी. नव्या पाल्याच्या जोरावर झाड लगेच कामाला लागतं.

बुरशीनं काय होतं ते काही वर्षांपूर्वी सगळ्यांनी पाहिलं. 2021 साली तेलंगणात लिंबांचे शेंडे वाळत गेले. पुढं आमच्याकडंही पावसाळा सरताना झाडं तपकिरी दिसायला लागली. फोमोप्सिस नावाची बुरशी, पावसाच्या थेंबाबरोबर या फांदीवरून त्या फांदीवर जाणारी. गावात एकच ओरड झाली, लिंब मेले, विकून टाका. ठेकेदार टपलेलेच. मी भेटेल त्याला सांगत होतो की थांबा, शेंडे मेलेत, झाड मेलेलं नाही. बऱ्याच झाडांनी पुढच्या चैत्रात पालवी धरली. ज्यांनी धीर धरला नाही त्यांच्या दारात आता पत्र्याचं शेड आहे आणि शेडमध्ये पंखा. तेव्हापासून मी एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना करवतीचं पातं स्पिरिटनं पुसायला लावतो. भाचा हसतो. हसू दे, पुसतो तरी.

गावातल्या लिंबाला कायद्याचा आधारही तोकडा. 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह आहेत. लिंब नाही, वड-पिंपळही नाहीत. झाडं जपण्याचा 1975 चा कायदा शहरांपुरता. 2021 साली पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'वारसा वृक्ष' ठरवायचं झालं, तेही शहरातच. आमच्या गावातल्या झाडाला वय नाही. मग त्याचं वय कोण धरणार? ग्रामपंचायतीला नवी रोपं मोजायची असतात. 2016 ला राज्यात दोन कोटींचं लक्ष्य, 2017 ला चार, 2018 ला तेरा, 2019 ला तेहतीस. खड्डे मी पण खणलेत, रोपांना जाळ्या मी पण बांधल्यात, त्या कामाला नावं ठेवत नाही. पण आमच्या काळ्या रानात वैशाखात हातभर खोल भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. त्या उन्हाळ्यातून जे रोप निघालं तेच झाड, बाकी सगळा फोटो. आणि लावलेलं झाड वीस वर्षांनी घरावर वाकतं, तेव्हा त्याची फांदी कशी काढायची यावर एकही परिपत्रक निघत नाही.

परत गळ्याकडं येतो, कारण डोक्यातून तो जात नाही. शिगोनं एक युक्ती सांगून ठेवलीय. गळा दिसत नसेल तर वरच्या काखेतली रेघ खोडाशी जेवढा कोन करते तेवढाच कोन दुसऱ्या अंगाला धरायचा आणि त्या ओळीत कापायचं. भाच्यानं ते चित्र फोनमध्ये ठेवलंय, वर चढला की बघतो आणि करवत लावतो. मला ते पटत नाही असं नाही. पण म्हाताऱ्या लिंबावर एका जागेतून दोन फांद्या निघतात, रेघा एकमेकींत घुसतात, कोन धरायचा कुणाचा? तिथं हातच लागतो. भाचा म्हणतो, "मामा, तुमचा हात मला कापून देता का?"

गेल्या माघात स्मशानभूमीच्या लिंबाची अशीच एक जोडफांदी काढली. मी खालून ओरडत होतो, दोन बोटं बाहेर घे, दोन बोटं. त्यानं चित्राप्रमाणं कापली. खाली उतरल्यावर आमची अशी जुंपली की लाकूड उचलायला आलेले लोक उभे राहून बघत होते. शेवटी पैज लागली, गावरान कोंबड्याची. खालच्या टोकाला कडं आलं तर मी हरलो, नाही आलं तर तो. झाडाचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण तिथं काही आलंच नाही तर मला मनातून बरं वाटेल, हेही तितकंच खरं.

बाजाराच्या दिवशी मी तिकडून वळसा घालून येतो. पावसाळा संपता संपता उजव्या-डाव्या अंगाला कडं धरलेलं दिसलं. परवा शिडी लावून, एक पायरी चढून, चांगल्या हातानं खालचं टोक चाचपून पाहिलं. बोटांना एक बारीक, ओलसर उठाव लागतोय. तो कड्याचाच आहे की नुसत्या सालीचा, ते अजून सांगता येत नाही. भाच्याला मी त्याबद्दल बोललेलो नाही, आणि कोंबडं घ्यायची घाईही मला नाही.