गोदेच्या फुगवट्याकाठी

मराठवाड्याचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला आठवतात ते टँकर आणि कोरड्या विहिरी. १९७२ सालचा दुष्काळ अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे, तेव्हा हे साहजिकच. परंतु नांदेडहून देगलूरच्या रस्त्याने नायगावला उतरा आणि तिथून उत्तरेस गोदाकाठी चला. या मुलखात पाण्याची भीती दोन प्रकारची आहे, हे ध्यानात येईल. एक ते न येण्याची. दुसरी, आल्यावर न जाण्याची.

तालुक्याच्या एका अंगाला गोदावरी, दुसऱ्या अंगाला मन्याड. मन्याड मांजरेला मिळते आणि मांजरा तेलंगणाच्या सीमेवर, कंदकुर्तीपाशी, गोदावरीला. मुलूख सपाट, जमीन काळी आणि कसदार. त्याखाली पोचमपाडचे धरण आहे. पंडित नेहरूंच्या हस्ते १९६३ साली त्याची पायाभरणी झाली. आज त्यास श्रीराम सागर म्हणतात. हे धरण तुडुंब भरले की गोदेच्या पाण्याची पुढची वाट मंदावते. ते मागे तुंबते, मांजरेला आत घेत नाही, आणि ओढेनाले उलटे चढू लागतात. यालाच इकडे फुगवटा म्हणतात.

मी राहेरला पोचलो तेव्हा पावसाळा सरत आला होता. काठावर नरसिंहाचे जुने दगडी देऊळ आहे. तिथे बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला विचारले, "मामा, पुराचं भय वाटत नाही का?"

"पुराचं काय मालक! तो येतो अन् जातो. जाताना गाळ टाकतो, रब्बीला बरंच होतं. हे फुगवट्याचं पाणी मुक्कामालाच येतं. सोयाबीन आठ दिवस पाण्यात उभं राहिलं तर हाती काय लागावं?"

म्हातारबांनी साऱ्या प्रश्नाचे मर्म सांगितले. जुन्या लोकांनी नदीची सवय पाहून उंचावर पांढर वसवली आणि सखल काळी नदीच्या स्वाधीन ठेवली. हॉलंडसारख्या देशानेही १९९५ च्या पुरानंतर नदीला जागा द्यावयाची ठरवून नायमेगनपाशी बांध ३५० मीटर मागे घेतला. आपल्याकडे ती जागा होतीच. पण धरणाच्या पाण्याची सवय पूर्वजांना कशी ठाऊक असणार?

शेजारच्या मुखेड तालुक्यात ही गोष्ट जिवावर बेतली. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री अतोनात पाऊस झाला. लेंडी धरणाचे पाणी मागे चढले आणि हसनाळ, रावणगाव, भासवाडी अशा गावांत शिरले. गावांचे पुनर्वसन पुरे झालेले नव्हते. माणसे दगावली, जनावरे दावणीलाच गेली, लष्कराला बोलवावे लागले. पुढच्या महिन्यात जायकवाडीतून सुमारे ३ लाख क्युसेक पाणी सुटले आणि गोदाकाठ पुन्हा जागा राहिला. मग पंचनामे, खरडून गेलेल्या जमिनींच्या याद्या, आणि अनुदानाची वाट.

आता दुसरी भीती. धर्माबादजवळ बाभळीला गोदावरीवर १४ दारांचा बंधारा आहे. तो पावणेतीन टीएमसीचा. पोचमपाडपुढे म्हणजे लोट्यातले पाणी. दोन राज्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे वर ठेवायची आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. खालच्या शेतकऱ्याचीही तहान खरीच आहे, म्हणून निकालास नावे ठेवणे सोपे नाही. परंतु इथला शेतकरी विचारतो तेही खोटे नाही : फुगवट्याचे पाणी शेतात घ्यायचे आम्ही, आणि नदी भरून वाहते तेव्हा अडवायचेही नाही?

पाणी वाटून घेण्याचा हिशेब झाला. बुडण्याचाही तसाच व्हावा. धरण किती भरले, दारे केव्हा उघडणार, हे वरच्या आणि खालच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांस आणि गावास वेळेवर कळवावे. बुडणाऱ्या जमिनीचा मोबदला आणि नवे गावठाण पाणी अडवण्याआधी मिळावे. यात अवघड शास्त्र काही नाही.

२९ ऑक्टोबरला बाभळीची दारे खाली येतात. दिवाळी त्याच सुमाराची. त्या दिवसांत गोदाकाठचा माणूस एका डोळ्याने बुडालेले खरीप पाहतो आणि दुसऱ्याने हरभऱ्यापुरते पाणी राहिले का, ते.