मागच्या चाकाचा आवाज

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. दारव्ह्याचं एक लग्न आटोपून आम्ही दोघं लोहाऱ्याला परत येत होतो. गाडी आमची जुनीच, १९९७ ची प्रीमियर पद्मिनी. गुडघ्यांमुळे हिला पाय लांब करावे लागतात, म्हणून ही मागे बसते. वाटेत म्हणाली, "अहो, मागून जातं फिरवल्यासारखा आवाज येतोय."

मी म्हटलं, "रस्ताच तसा आहे."

खरं सांगायचं तर मला काही ऐकूच आलं नव्हतं. पण पंचाहत्तरीतल्या मास्तराने हे कबूल करायचं कसं? महिनाभर ही सांगत राहिली आणि मी कधी रस्ता, कधी टायर अशी उत्तरं देत राहिलो. शेवटी मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे लावून पाहिले. आवाज टायरचा असता तर तो पुढे गेला असता. ही म्हणाली, "मागेच आहे."

मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो आता मिस्त्री आहे. म्हणाला, "सर, काकूले मागंच बसू द्या, गाडी मी चालवतो." आणि सगळे प्रश्न त्याने हिलाच विचारले! क्लच दाबून गाडी न्यूट्रलवर सोडली, तरी आवाज तसाच. म्हणजे दोष इंजिनात नाही. वेग वाढला की आवाज वाढायचा. गाडी उजवीकडे वळवली की आणखी वाढायचा, डावीकडे वळवली की कमी. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. त्यावरून त्याने सांगितलं, "मागचं डावं बेरिंग."

घरी येऊन पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅक लावला, हँडब्रेक सोडला. चाक वर-खाली धरून हलवलं तर खडखड जाणवली. ड्रम काढला तर आत गिअर ऑइल पाझरलेलं, ब्रेकचे लायनर चिकट झालेले.

या गाडीत बेरिंग थेट एक्सलवर बसतं आणि त्याच्या आतल्या बाजूला घट्ट बसवलेली पोलादी कॉलर ते धरून ठेवते. चार नट काढले की एक्सल बेरिंगसकट बाहेर ओढता येतो. त्याने बेरिंग माझ्या हातात दिलं. गोळ्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. मग एक्सलवर बोट ठेवून म्हणाला, "हे पाहा सर, कॉलर सरकाले लागली होती." कॉलर पूर्ण सुटली की चाक एक्सलसकट बाहेर येतं.

मी ओट्यावर बसलो. त्या महिन्यात चार वेळा नातीला त्याच गाडीतून यवतमाळला नेऊन आणलं होतं.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. बेरिंगवर नंबर कोरलेला असतो, त्यामुळे ते मिळालं. कॉलर मात्र नागपूरहून मागवली. जुनी कॉलर एक्सलला ओरखडा न जाऊ देता कापली. नवं बेरिंग हातोड्याने न ठोकता प्रेसवर बसवलं. नवी कॉलर तापवून सरकवली आणि पाणी न मारता आपोआप निवू दिली. ऑइल सील, ब्रेकचे लायनरही नवे. उजवी बाजूही मी करून घेतली.

लोक म्हणतात, विकून टाका. कुर्ल्याचं उत्पादन बंद होऊन दोन तपं झाली. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. पण गाडीने तर वेळेवर सांगितलं होतं. हिनेही सांगितलं होतं. ऐकलं नाही ते मी.

वर्गातही असंच झालं असेल का? मागच्या बाकावरून कुणी काही म्हणालं की "गप्प बस" हे माझं ठरलेलं उत्तर होतं. त्यातला कोण खरंच काही सांगत होता, आता कसं कळणार?

असो. पुढच्याच आठवड्यात कान तपासून आलो. यंत्र लागलं. आता गाडी सुरू केली की मी आधी मागे वळून विचारतो, "काही ऐकू येतंय का गं?"

ही म्हणते, "चला आता. सगळं ठीक आहे."