शेऱ्याचा रकाना

हिवाळ्यात सुरतेच्या गवियर तळ्याकडे गेले की बाभळीच्या फांद्यांतून एखादा मातकट, चिमुकला पक्षी 'चक् चक्' करीत निसटतो. त्याला ना रंग, ना तुरा. इंग्रजीत तो वॉर्बलर, आपला वटवट्या. यांतल्या दोन जाती इतक्या सारख्या की जुनी पुस्तके त्यांना एकच मानीत. एक 'बूटेड' आणि दुसरा 'साइक्सचा'. बूटेडचे डोके गोलसर, चोच आखूड, खालच्या चोचीच्या टोकाशी गडद डाग; तो गवतात, बांधावर, प्रसंगी जमिनीवर उतरूनही किडे टिपतो. साइक्सचा किंचित मोठा, अधिक फिकट. चोच व शेपटी लांब, वावर बहुधा उंच झुडपांत. दुर्बीण डोळ्यांशी नेईपर्यंत दोघेही दिसेनासे होतात.

ज्यांचे नाव या पक्ष्याला लाभले ते कर्नल साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी जमवीत. १८२९ मध्ये ते पद रद्द झाले, तरी त्यांनी रजा काढून पाहणी पुरी केली. या वटवट्याचे वर्णन त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केले.

सरकारी नोकरीत मीही रकानेच भरले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला. त्यानंतरच्या पाहणीत घरांसाठी माझ्यापुढे दोन रकाने होते : पक्के आणि कच्चे. एका विधवेच्या घराच्या दोन भिंती विटांच्या, दोन मातीच्या. दिवस मावळत होता. मी 'कच्चे' लिहून पुढे गेलो. तिला मदत कमी मिळाली. शेजारी शेऱ्याचा रकाना होता. तो मी कोराच ठेवला.

माझ्या पक्ष्यांच्या वहीत नव्वदच्या दशकापासूनच्या साऱ्या नोंदी 'बूटेड' अशाच आहेत. जाती वेगळ्या मानल्या जाऊ लागल्यावर एका स्नेह्यांनी सुचविले, "जागेवरून अंदाज बांधा आणि दुरुस्त करून टाका." निवृत्तीनंतर वही घेऊन बसलो खरा, पण अंदाज लिहायला हात धजेना. प्रत्येक नोंदीपुढे एवढेच लिहिले : 'दोहोंपैकी एक, चोच नीट दिसली नाही.'

वही आता अपुरी दिसते, पण खोटी राहिली नाही. त्या घरापुढचा शेरा मात्र आता लिहिता येणार नाही.