गुडघ्यावरची हातोडी

आठवा महिना लागला आणि पायांवरची सूज चेहऱ्यावर चढली. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. केज तालुक्यातलं आमचं गाव. सासूबाई म्हणाल्या, "पहिलटकरणीला सूज येतेच की." आशाताईंनी मात्र हट्टाने दवाखान्यात नेलं. रक्तदाब १७०/११०. आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट आधी शिरेतून, मग दोन्ही कुल्ल्यांत टोचलं आणि १०८ची गाडी अंबाजोगाईकडे निघाली.

अंगात निखारे ओतल्यासारखी आग झाली. पापण्या जड झाल्या, गाडीतला एक दिवा दोन दिसू लागला, जीभ वळेना. आपल्याला लकवा मारला, असंच मी धरून चालले. असं होऊ शकतं, हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

अंबाजोगाईत दर चार तासांनी, पुढच्या डोसआधी, सिस्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारायच्या, श्वास मोजायच्या, लघवीची पिशवी बघायच्या. रात्री पाय उडालाच नाही. लघवीही कमी झाली होती. त्यांनी डोस थांबवला. सासूबाई काकुळतीला आल्या, "अहो, सुई द्या ना, पोरीला आकडी येईल!" तेव्हा डॉक्टरांनी समजावलं: हे औषध नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप मंद करतं आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. ते साचलं तर आधी गुडघ्याची उडी जाते, पुढे श्वास अडतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट खाटेजवळच ठेवलं होतं. ते लागलं नाही. पहाटे पाय उडाला, डोस पुन्हा सुरू झाला. मुलगी झाली, अडीच किलोहून कमी, पण खणखणीत रडली.

शेजारच्या खाटेवरची बाई आकडी येऊन दाखल झालेली. ऊसतोडीला गेलेली, फडात असताना तिचा रक्तदाब कुणी मोजलाच नव्हता.

पुढे मी या औषधाबद्दल वाचत गेले. सुमारे १०,००० गर्भवतींवरच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत त्याने आकडीचा धोका निम्म्याहून कमी केला. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाईंनी तर आपल्याकडच्या लहान चणीच्या बायकांसाठी कमी मात्रेची पद्धत वापरून दाखवली. अंबाजोगाईपासून सोलापूर फार लांब नाही, पण हे नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

तुमच्या घरातल्या गरोदर बाईला हे इंजेक्शन सुचवलं तर नाकारू नका, आकडीने जीव जातो. मात्र प्रत्येक डोसआधी गुडघा, श्वास आणि लघवी तपासली का, एवढं हक्काने विचारा. आणि अंगाची आग होईल, डोळे जड होतील, हे तिला आधीच सांगा.