इंजिन किती वर, किती मागे

फेब्रुवारी संपत आला, मासेमारीच्या स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला, की वर्कशॉपमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "बोटीला जॅकप्लेट बसवून घेऊ का?" विचारणाऱ्याचं मनाशी बहुधा ठरलेलं असतं, त्याला माझ्याकडून होकार आणि किंमत एवढंच हवं असतं. मी उलट दोन गोष्टी विचारते. बोट कुठल्या पाण्यात चालवता? आणि टाकी काठोकाठ भरलेली असताना ती उभी राहिल्यापासून पाण्यावर तरंगत धावायला लागेपर्यंत किती सेकंद जातात? पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडे असतं. दुसरं कुणी मोजलेलं नसतं.

मी कोचीला जहाजबांधणी शिकले, आणि आता उत्तर अलाबामात छोट्या बोटींना इंजिनं बसवते. जवळच गंटर्सव्हिल तलाव आहे. टेनेसी नदीवर 1939 साली पुऱ्या झालेल्या धरणामागे साठलेलं सुमारे 69,000 एकर पाणी. मधून नदीचं जुनं खोल पात्र जातं, आणि दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल उथळ, शेवाळानं आणि पाणवनस्पतींनी भरलेले पट्टे. त्या गवतात लार्जमाउथ बास हा मोठ्या जबड्याचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा दबा धरून असतो. याच एका माशासाठी इथे बोटींची वेगळी जात तयार झाली, ती बासबोट. मालवणच्या मामांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि धरलेलो मासो परत पाण्यात सोडतत? मग खातत काय?" त्यांना देण्याजोगं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण 1972 पासून बी.ए.एस.एस. या संघटनेनं स्पर्धांमध्ये मासा जिवंत ठेवून परत सोडण्याचा आग्रह धरला, आणि त्याचा थेट परिणाम बोटीच्या वजनावर झाला, हे मात्र खरं. मासे जिवंत ठेवायची पाण्याची टाकी मागच्या डेकखाली आली. त्या टाकीचा विषय पुढे येणारच आहे.

बासबोटीचा इतिहास बहुतेक जण 1948 पासून मोजतात. त्या वर्षी लुइझियानातल्या श्रीवपोर्टला होम्स थर्मंड यांनी 'स्कीटर' नावाची बुटकी, सपाट बोट बांधली. आजची बोट वीस-एकवीस फुटांची, फायबरग्लासची, पुढे-मागे उभं राहून गळ फेकायला सपाट डेक, आणि मागे थेट 250 अश्वशक्तीपर्यंतचं आउटबोर्ड. मोठ्या स्पर्धांत त्यापुढे परवानगी नाही. अशी बोट ताशी 70 मैलांच्या, म्हणजे 110 किलोमीटरांच्या पुढे जाते. त्या वेगाला तिचं जवळजवळ सगळं अंग हवेत असतं. पाण्याला टेकलेला असतो तो बुडाच्या मागच्या टोकाचा अरुंद सपाट पट्टा. त्याला पॅड म्हणतात. आमची सगळी मोजमापं या पॅडपासून सुरू होतात.

आता जॅकप्लेट. आउटबोर्ड इंजिन एरवी बोटीच्या मागच्या भिंतीला, ट्रान्समला, बोल्टांनी थेट जखडलेलं असतं. जॅकप्लेट म्हणजे त्या दोघांमध्ये बसणारा ॲल्युमिनियमचा मजबूत सांगाडा. तो दोन कामं करतो. इंजिन चार ते बारा इंच मागे नेतो, आणि ते उभं वर-खाली सरकवू देतो. काही प्लेटी पान्यानं सैल करून हातानं सरकवायच्या असतात. काहींना हायड्रॉलिक पंप असतो. स्टीअरिंगच्या दांड्यावर मोटारीच्या इंडिकेटरसारखी एक कांडी बसवलेली असते, ती बोटानं ढकलली की धावत्या बोटीतही इंजिन वर-खाली होतं.

नवशिके याची ट्रिमशी गल्लत करतात. ट्रिमनं इंजिनाचा कोन बदलतो, ते मागे झुकतं. जॅकप्लेटनं इंजिन सरळच राहतं, फक्त उंची बदलते. उथळ पाण्यात हा फरक लगेच कळतो. गाळाला इंजिनाचा पंखा (प्रॉपेलर) लागू नये म्हणून ट्रिमनं इंजिन झुकवलं, तर पंखा पाणी वरच्या दिशेनं फेकतो आणि बोटीचं ढुंगण आणखी खाली दाबतो. म्हणजे ज्या भीतीनं झुकवलं तेच घडतं. प्लेटनं चार-पाच इंच उचललं तर जोर आडवाच राहतो.

वर घेतल्यानं वेग का वाढतो? पाण्यात बुडालेला इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे पंख्याचा दांडा आणि गिअर ज्यात असतात तो गिअरकेस, बोटीला मागे ओढत असतो. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; 35 मैलांना जेवढी, 70 मैलांना तिच्या चौपट. तेव्हा त्यातला इंचभर भाग जरी पाण्याबाहेर आला, तरी वरच्या वेगाला त्याचा हिशोब दिसतो. पण नुसतं वर घेतलं तर पंखा हवा ओढेल. तिथे मागे नेणं कामी येतं. बुडाखालून सुटलेलं पाणी ट्रान्समच्या मागे उसळून वर येऊ लागतं, आणि जितकं मागे जाल तितकी त्याची पातळी उंच, शिवाय ते पाणी कमी खवळलेलं. आमच्या धंद्यातला ढोबळ आडाखा असा की दर आठ-दहा इंच मागे नेल्यावर इंजिन साधारण इंचभर वर घेता येतं. आडाखाच आहे तो. प्रत्येक बुडाचा उतार वेगळा, म्हणून शेवटी पाण्यावर जाऊनच बघावं लागतं.

बघायचं कसं, ते सांगते, कारण गिऱ्हाइकांचे बहुतेक वाद इथे मिटतात. बोट ट्रेलरवर समतल करायची, इंजिन सरळ उभं करायचं, पॅडच्या पातळीत एक लांब सरळ पट्टी मागे धरायची आणि तिच्यापासून पंख्याच्या दांड्याचा मध्य किती खाली आहे ते मोजायचं. पॅड असलेल्या बासबोटीला मी साधारण साडेतीन इंचांपासून सुरुवात करते आणि अर्ध्या-अर्ध्या इंचानं वर जाते. प्रत्येक उंचीला पूर्ण थ्रॉटलवर तीन आकडे लिहून घ्यायचे: जीपीएसवरचा वेग, इंजिनाचे फेरे, आणि गार करणाऱ्या पाण्याचा दाब.

पहिल्या दोन आकड्यांतून पंख्याची घसरण निघते. समजा फेरे मिनिटाला 5,800, गिअरचं प्रमाण 1.75, आणि पंख्याचा पिच 25 इंच. म्हणजे एका फेऱ्यात तो घट्ट पदार्थात फिरला असता तर 25 इंच पुढे गेला असता. 5,800 ला 25 नं गुणायचं, 1.75 नं भागायचं, मग 1,056 नं भागायचं, की ताशी मैल मिळतात: साडेअठ्ठ्याहत्तर. जीपीएस 70 दाखवत असेल, तर घसरण अकरा टक्क्यांच्या आसपास. ठीक आहे. आता इंजिन अर्धा इंच वर घेतलं आणि फेरे वाढले, वेगही वाढला, तर अजून वाव आहे. फेरे वाढले आणि वेग तिथेच राहिला, तर पंखा पाणी सोडायला लागला. अर्धा इंच खाली या. घरी जाऊन मित्राला सांगायला फेऱ्यांचा आकडा बरा वाटतो, हे मी समजू शकते. पण बोट फेऱ्यांवर चालत नाही.

तिसरा आकडा लोक विसरतात. इंजिन गार ठेवणारं पाणी गिअरकेसवरच्या भोकांतून आत येतं. इंजिन फार वर गेलं की ती भोकं पाण्याबरोबर हवाही ओढतात, दाब कोसळतो, आणि महागडं इंजिन तापून बसतं. काही गिअरकेसना ही भोकं अगदी खाली, नाकाशी असतात. त्यांना जास्त उंची चालते. तुमच्या इंजिनाला ती कुठे आहेत ते पाहिल्याशिवाय आणि दाबाचा काटा डॅशवर बसवल्याशिवाय मी प्लेट लावून देत नाही. यावर गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

हे झालं मिळकतीचं. खर्चाची बाजू बोलायला दुकानदार नाखूष असतात, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते.

250 अश्वशक्तीचं इंजिन सव्वादोनशे किलोच्या घरात असतं. ते आधीच बोटीच्या शेवटच्या टोकाला लटकलेलं. त्याला आणखी दहा इंच मागे नेलं, वर हायड्रॉलिक प्लेटचे वीस-पंचवीस किलो चढवले, तर बैलगाडीत मागे पोती जास्त झाली की ती जशी उलार होते, तशी बोटही होते. धावताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, सहज उचलली जाते, आणि तीच तर काही जणांना हवी असते. जड नाळेच्या बोटीला त्यानं खरोखर जीव येतो. पण उभी असताना मागची बाजू जास्त बुडते, आणि थ्रॉटल दिल्यावर बोट नाळ आकाशाकडे करून पाणी नांगरत बसते. माझा सेकंदांचा प्रश्न त्यासाठीच. आता ती टाकी आठवा. तीस गॅलन पाणी म्हणजे 113 किलो. चाळीस गॅलन पेट्रोल म्हणजे आणखी 110. दोन्ही मागच्या डेकखाली. ट्रान्समवर उथळ पाण्यात रोवायचे दोन खांबनांगर असतील, तर तेही तिथेच. सकाळी निघताना आणि दुपारी पेट्रोलची टाकी अर्धी झाल्यावर ही जणू दोन वेगळ्या बोटी असतात. ज्या बोटीला आत्ताच पाण्यावर यायला वेळ लागतो, तिचं इंजिन मागे नेणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

हलक्या नाळेच्या बोटीचं इंजिन मागे नेलं तर वेगळीच कटकट. ती पुढे-मागे डोलायला लागते, किंवा वरच्या वेगाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर लोळायला लागते. अनुभवी माणूस स्टीअरिंगच्या बारीक हालचालींनी ते सावरतो. नवखा घाबरून एकदम थ्रॉटल सोडतो, आणि तेव्हा नाळ आपटते. इंजिनबंदचा पट्टा अंगाला अडकवणं 2021 पासून अमेरिकेत अशा बोटींना कायद्यानंच सक्तीचं आहे. पण प्लेट बसवून पहिल्या चाचणीला निघालेल्याला मी कायदा नसता तरी तेच सांगितलं असतं.

आणि ट्रान्सम. इंजिन मागे गेलं की त्याची तरफ लांबते. पाण्यापेक्षा रस्त्यावर हे जास्त भोवतं: ट्रेलर खड्ड्यातून जातो तेव्हा ते धूड वर-खाली हिसके देतं आणि वरचे बोल्ट ओढले जातात. ट्रेलर आणि गिअरकेस यांच्यामध्ये आधाराचा दांडा लावल्याशिवाय अशी बोट रस्त्यावर काढू नये. जुन्या फायबरग्लास बोटींच्या ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं. कधीकाळी बोल्टाच्या भोकात लावलेलं सीलंट सुटलेलं असतं, पाणी शिरलेलं असतं, आणि वरचा जेलकोटचा थर मात्र चकचकीत. मी हातोडीच्या दांड्यानं वाजवून बघते. टणक आवाज आला तर पुढे बोलू. भद्द आला तर प्लेटचे पैसे ट्रान्समला लावा.

मग बसवावी कुणी? माझं मत सांगते; माझ्या धंद्याच्या ते फायद्याचं नाही. सतरा-अठरा फुटी ॲल्युमिनियमची बोट आणि 90-115 अश्वशक्तीचं इंजिन असेल, तर सहसा नको. आधी इंजिनाच्या कंसातल्या बोल्टाच्या भोकांतूनच ते एक भोक वर घेऊन पाहा. ती भोकं कंपनी त्यासाठीच देते, पण बहुतेकांच्या बोटी दुकानातून सगळ्यात खालच्या भोकावर बसून येतात. मग ॲल्युमिनियमच्या पंख्याऐवजी पात्याच्या कडेला वळण दिलेला स्टीलचा पंखा लावा. ॲल्युमिनियमची पाती जोर आला की वाकतात, उंचावर पाणी धरत नाहीत. ॲल्युमिनियमचा पंखा ठेवून प्लेट बसवणं वायाच. एवढ्यावर निम्मी माणसं खूश होऊन जातात.

नव्या वेगवान फायबरग्लास बोटींना हाताची प्लेट बऱ्याचदा कारखान्यातूनच येते. तिथे प्रश्न हायड्रॉलिकचा उरतो, आणि खर्च काही शे डॉलरांवरून बसवणुकीसकट दीड-दोन हजारांवर, कधी त्याहून पुढे जातो. एकाच तलावावर, एकाच जोडीदाराबरोबर, नेहमीच्याच सामानानं जाणाऱ्याला योग्य उंची एकदा सापडली की ती बदलायची गरज फारशी पडत नाही. त्याला हाताची प्लेट पुरे. गंटर्सव्हिलसारख्या ठिकाणी गवताच्या पट्ट्यातून निघून खोल पात्रात येणाऱ्याला, किंवा फ्लोरिडातल्या सरासरी नऊ फूट खोलीच्या ओकीचोबी सरोवरावर जाणाऱ्याला हायड्रॉलिक खरंच कामाची. निघताना खाली घ्या, म्हणजे पंखा घट्ट पाणी धरतो आणि बोट लवकर वर येते. धावायला लागली की उचला. लाटा आल्या की पुन्हा खाली. सेंट क्लेअरसारख्या मोकळ्या, वाऱ्याच्या सरोवरावर तर मी वेगासाठी उचलण्यापेक्षा पकडीसाठी खाली घेण्याकरताच ती जास्त वापरलेली पाहिली आहे. आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर, लगुना माद्रेच्या गुडघाभर पाण्यात लाल माशामागे जाणाऱ्यांना याविषयी विचारूच नका. त्यांची सपाट, बुडाला बोगदा असलेली बोट हायड्रॉलिक प्लेटशिवाय दिवसभर गाळच उपसत बसेल.

जुनी बोट प्लेटसकट विकत घेत असाल तर आणखी एक. प्लेटच्या सरकत्या पट्ट्यांमध्ये बोट घालून इंजिन दोन्ही हातांनी आडवं हलवून बघा. खटखट झाली तर आतल्या प्लास्टिकच्या घसपट्ट्या गेलेल्या असतात, त्या बदलता येतात. ट्रान्समच्या आतल्या बाजूला बोल्टांच्या वॉशरखाली कडेनं तडे आहेत का ते टॉर्च लावून पाहा. स्टीअरिंगची नळी आणि इंजिनाच्या केबली प्लेट पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना ताणल्या जात नाहीत ना, हे विकणाऱ्यालाच करून दाखवायला सांगा. तो म्हणेल, बॅटरी उतरली आहे. मग दुसऱ्या दिवशी चार्ज केलेली बॅटरी घेऊन पुन्हा जा.