काडीचा वास

परवा प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या एका मुलीने विचारलं, "ताई, ब्लॉकिंग केलं, पट्टी गेली. आता अँटीबॉडी स्पेसिफिक आहे असं लिहू ना?" तिचा चेहरा इतका फुलला होता की लगेच 'नाही' म्हणवेना. तिला म्हटलं, आधी चहा पिऊ. आणि मला बाबांची काडीपेटी आठवली.

बाबा भिवंडीत एका पॉवरलूम कारखान्यात मेहताजी होते. विडी-सिगारेटचं व्यसन नाही, पण खिशात काडीपेटी कायम. आलेलं सूत खरंच कॉटन आहे का, हे बघायला धागा पेटवायचा. पॉलिएस्टर असेल तर ते वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो. कॉटन असेल तर जळक्या कागदाचा वास येतो, मऊ राख उरते. लहानपणी मला ती जादूच वाटायची.

आता माझ्या कामाविषयी थोडं. अँटीबॉडी म्हणजे एखाद्या प्रथिनाला नेमकी ओळखून धरणारा रेणू. पेशीतली हजारो प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, पडद्यावर उतरवायची, त्यावर अँटीबॉडी सोडायची. जिथे ती चिकटेल तिथे पट्टी उमटते. पण ती आपल्याच प्रथिनाला चिकटली कशावरून? त्यासाठी जुनी युक्ती अशी, की त्या प्रथिनाचं जनुक बॅक्टेरियात घालून प्रथिन तयार करून घ्यायचं. याला रिकॉम्बिनंट अँटिजेन म्हणतात. ते आधीच अँटीबॉडीत मिसळायचं. अँटीबॉडीचे हात भरले की पडद्यावर धरायला हात मोकळे उरत नाहीत. पट्टी गायब!

2019 साली माझीही अशीच पट्टी गायब झाली होती. ते प्रथिन बनवून शुद्ध करण्यात तीन महिने गेले होते. रोज पहाटे भिवंडीहून शेअर रिक्षाने कल्याण, तिथून लोकल. त्या दिवशी मी सगळ्यांना पेढे वाटले. एका परिषदेसाठी पोस्टरचा सारांशही पाठवून दिला.

मग सर म्हणाले, नॉकआउट पेशींवरही एकदा बघून घे. म्हणजे ज्या पेशींतून ते जनुकच मोडून टाकलंय, त्या. तिथे प्रथिनच नाही, तर पट्टी यायला नको. आली. त्याच जागी, तेवढीच ठळक. फिल्म उलटसुलट करून पाहिली, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा केलं, आणखी एकदा केलं. पट्टी हटेना.

शुक्रवार होता, माग बंद. बाबा घरी. त्यांना जमेल तसं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मधेच म्हणाले, "अगं, व्हिस्कोससुद्धा कागदासारखाच जळतो."

"मग तुम्ही ओळखता कसं?"

"धागा मधोमध ओला करून ताणायचा. व्हिस्कोस ओल्या जागी पटकन तुटतो. कॉटन ओलं झालं की उलट जास्त ताण घेतं. काडी फक्त एवढंच सांगते की कॉटन असू शकतं. दुसरं काही नाही, हे ती नाही सांगत."

मी बघतच राहिले. माझी चूक तीच होती. माझ्या अँटीबॉडीने रिकॉम्बिनंट प्रथिन धरलं, हे खरंच होतं. पण त्याच हातांनी ती पेशीतलं दुसरंच, थोडं सारखं दिसणारं प्रथिनही धरत होती. हात भरले की दोन्ही सुटणार! पट्टी जाते, आणि ती कोणाची होती हे कळतच नाही. ब्लॉकिंगनंतर पट्टी गेली नाही तर अँटीबॉडीवर संशय घ्यायचा, एवढं नक्की. गेली तर मात्र अर्धंच उत्तर मिळालं.

यात मी एकटी नव्हते, एवढाच काय तो दिलासा. 2017 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटासाठी वापरल्या जाणाऱ्या 13 अँटीबॉडी तपासल्या. विश्वास ठेवण्याजोगी निघाली एक. हे प्रथिन सापडलं 1996 साली, म्हणजे वीस वर्षं लोक स्तनाच्या कॅन्सरमध्ये ते शोधत होते, आणि त्यातलं किती खरं, हा प्रश्न उभा राहिला. चुकीच्या पट्टीवर पुढचा प्रयोग उभा राहतो, त्यावर आणखी कोणाचा तरी. रुग्ण त्या साखळीच्या शेवटी असतो, त्याला कोण सांगणार?

सोमवारी सरांना सगळं सांगितलं आणि पोस्टर मागे घेतलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण तो सारांश छापून आला असता तर जास्त वाटली असती.

तर चहा संपता संपता त्या मुलीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नॉकआउट पेशी मिळायला दोन महिने तरी लागतील."

"लागतील," मी म्हटलं.

तिने वही उघडली आणि 'स्पेसिफिक' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढलं. संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "धागा ओला कर म्हणावं तिला."